अडुसष्ट चमचे

दुकानदार म्हणाला, ह्यात अडुसष्ट चमचे बसतात, मोजून.
शिवकांतानं उभ्या उभ्या भाग लावला:
चौघींना सतरा-सतरा.
सातशे-सातशे जमवले, तरन्नुमचे शेवटचे वीस चिल्लर.
रिक्षाला उरलं नाही.
जिंतूर रोडनं डबा आळीपाळीनं कडेवर घेत आलो.

शिवकांताच्या घरी अंडं चालत नाही,
आणि मेसचं वरण असं
की ताटाच्या तळाचं फूल दिसतं.

डब्यावर एक उघडा माणूस, मानेपासून खाली.
घरमालकीण म्हणाली, ह्याला कुठं ठेवताव गं पोरींनो?
आम्ही त्याला भिंतीकडं फिरवलं.
त्याच भिंतीवर पेन्सिलनं चार नावं.
एक चमचा, एक रेघ. पाचवी आडवी.

पहाटे साडेचारला विद्यापीठाच्या रस्त्यावर
करडईच्या काट्यांवरून वारा यायचा.
सर सायकलवर, मागून:
पाय नाही, हात पळवा, हात!
आठशे मीटर, पुन्हा आठशे, मग चार किलोचा गोळा.

सर सांगायचे, पळताना माणूस घडत नाही.
पळताना आतले बारीक धागे तुटतात.
घडतो तो नंतर, झोपेत.
मला वाटायचं, रात्री पोटऱ्यांत
कुणी म्हातारी गोधडी शिवत बसते,
आणि दोरा आपण पुरवायचा असतो.

एका रात्री डाव्या पोटरीत गोळा आला.
मैदानातला नव्हे, पण वजन तेवढंच.
तरन्नुम उठली, करडईचं तेल चोळलं,
मीठ-साखरेचं पाणी पाजलं,
झोप आता, म्हणाली, आणि तीच झोपली.
दीड वाजता मी झाकण फिरवलं.
एक चमचा, शीग लावून, कोरडाच तोंडात.
टाळूला चिकटला. चॉकलेटचा वास.
खोकला उशीत दाबला.
रेघ मारली नाही.

ह्याला चोरी म्हणायचं का,
आठ दिवस मी पोटरीला विचारत होते.
ती बरी झाली होती. ती कशाला बोलेल.

शेवटच्या दिवशी पाळी दैवशालाची.
चमचा तळाला खरखरला.
तिनं भिंत बघितली.
आमच्या तीन-तीन जुड्या, वर दोन रेघा.
तिच्या तीन जुड्या, एक रेघ.
दुकानदारानंच कमी भरलं असंल, म्हणाली.
डब्यात पाणी ओतलं, खळखळवलं,
ते गढूळ पाणी उभ्यानं प्याली.
मग पिशवीतून फुटाणे काढले
आणि चौघींना एकेक मूठ दिली.
माझी मूठ जरा मोठीच होती.

भरतीत पायाला चिप बांधून पळलो.
मी लागले. शिवकांता लागली.
तरन्नुमचं उंचीतच गेलं, अर्ध्या सेंटिमीटरनं.
दैवशाला एका गुणानं राहिली.

प्रशिक्षण केंद्रातल्या डॉक्टरांना मी विचारलं,
सहज विचारल्यासारखं:
एका चमच्यानं किती फरक पडतो हो?
हसले. काही नाही, म्हणाले,
चार मुठी फुटाण्यांत असतं तेवढं.

परवा तिचा फोन आला, सेलूहून.
डबा माझ्याकडंच हाय, म्हणाली,
त्यात करडईचं बियाणं भरलंय, टोके लागत नाहीत.
पुढची जाहिरात कधी निघायली गं?
बघते, म्हणाले मी. दुसरंच काहीतरी बोलायचं होतं.

रजेवर परभणीत उतरले तेव्हा खोलीवर गेले.
आता तिथं दुसऱ्या चौघी राहतात,
खिडकीत त्यांचे बूट वाळत होते.
भिंतीला चुना दिलाय, पातळ,
खालची पेन्सिल अजून दिसते.
ताई, कुणाचं घर शोधायलाव? एकीनं विचारलं.

माझ्या नावापुढं अठरावी रेघ ओढायला
खिशात पेन नव्हता, गणवेश घरी होता.
नखानं ओढली.
चुना नखात गेला.